रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून?

अगं, चारचौघांत तुझा पाणउतारा नको म्हणून काल बडोद्याच्या खंडेराव मार्केटात मी गप्प बसले. घरी आले, मेथी निवडायला घेतली, तरी तुझं बोलणं डोक्यातून जाईना. आता लिहायला बसले आहे. तूही नीट बस आणि शेवटपर्यंत वाच.

दुधीच्या ढिगापाशी तू उभी होतीस. एक दुधी उचललास, अंगठ्याचं नख रुतवून पाहिलंस, देठ उलटासुलटा करून पाहिलास आणि म्हणालीस, “मासी, इंजेक्शनवाली नको हं.” ती बिचारी म्हणाली, “बेन, इंजेक्शन-बिंजेक्शन कंई नथी, पादरानी दूधी छे.” तुझा विश्वास बसला नाही. नखाची खूण उमटलेला दुधी तू परत ढिगावर टाकलास. मग माझ्याकडे वळून, मोठा पराक्रम केल्यासारखं सांगितलंस, “बाई, थायरॉईडची गोळी दिवाळीपासून बंद केली. रिपोर्ट एकदम नॉर्मल आला. आता दुसऱ्या बाळाचा विचार आहे ना, म्हटलं अंगातलं हार्मोन-बिर्मोन सगळं निघून जाऊ दे.”

हार्मोन निघून जाऊ दे? हे तू बोललीस? दहावीला अंतःस्रावी ग्रंथींची आकृती तू काढली होतीस. पीयूषिका, अवटु, अधिवृक्क, स्वादुपिंड, सगळी नावं बिनचूक घातली होतीस, आणि ती वही मी वर्गभर फिरवली होती. ती आकृती मार्कांपुरती होती का? अवटु, म्हणजे थायरॉईड, म्हणून जिच्याकडे बाण काढलास, ती तुझ्याच गळ्यात आहे, हे एकदाही मनात आलं नाही?

दुधीत नसलेल्या संप्रेरकाला तू भितेस आणि तुझ्या अंगात कमी पडलेलं संप्रेरक फेकून देतेस. माझा संताप झाला तो याचा.

आधी दुधीचं घेऊ. ज्या इंजेक्शनची तुला धास्ती आहे ते ऑक्सिटोसिन. ते कुठल्या कारखान्यात जन्माला आलेलं विष नाही, आपल्याच मेंदूत तयार होतं. हायपोथॅलॅमसमध्ये बनतं, पीयूषिका ग्रंथीच्या मागच्या भागात साठतं आणि वेळ आली की रक्तात सुटतं. बाळंतपणात कळा येतात त्या त्याच्यामुळे, आणि बाळ अंगाला लागलं की पान्हा फुटतो तोही त्याच्यामुळेच. पीयूषिकेच्या अर्काने मांजरीचं गर्भाशय आकुंचन पावतं हे हेन्री डेल यांनी १९०६ साली इंग्लंडात नोंदवलं. पुढे १९५३ साली व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी ते प्रयोगशाळेत तयार केलं आणि १९५५ साली त्यांना नोबेल मिळालं. अवघ्या नऊ अमिनो आम्लांची ती साखळी आहे.

ही साखळी कोणी वेलीवरच्या दुधीत टोचलीच, तर तिथे तिचं करणार काय? संप्रेरक रक्ताबरोबर सगळीकडे फिरतं, पण काम करतं फक्त तिथे, जिथे पेशीवर त्याला ओळखणारा ग्राहक असतो. हा धडा मी तुम्हाला दोनदा शिकवला होता. वेलीला ऑक्सिटोसिनचा ग्राहक नाही. वनस्पतींची संप्रेरकं वेगळी, ऑक्झिन, जिबरेलिन, इथिलीन ही त्यांची. आंबा अढीत पिकतो तो इथिलीनने. ऑक्सिटोसिन टोचून दुधी फुगतो याला शास्त्रीय आधार नाही. कोणी अडाणीपणाने टोचत असेल तर ते चूकच आहे, त्याला माझा पाठिंबा नाही. पण त्याचा अंश तुझ्या पोटात गेलाच, तरी जठरातले आणि आतड्यातले पाचकरस त्या साखळीचे तुकडे करून टाकतील, जसे ते वरणातल्या प्रथिनांचे करतात. म्हणूनच बाळंतिणीला हे औषध सुईने द्यावं लागतं. इन्सुलिनचंही तेच. तुझे सासरे पोटाला सुई टोचून घेतात ती काही हौस म्हणून नाही.

म्हशीला पान्हवण्यासाठी सुई देतात, ती गोष्ट निराळी. त्या जनावराचे हाल होतात, आणि दूध वाढवायला जनावराच्या तब्येतीला घातक अशी सुई देण्याला १९६० च्या कायद्याने मनाई आहे. तिथे तू आवाज चढवलास तर मी तुझ्या शेजारी उभी राहीन. मात्र असल्याच भीतीच्या भरात २०१८ साली केंद्र सरकारने खासगी कंपन्यांना ऑक्सिटोसिन बनवायला मनाई केली होती, हेही लक्षात ठेव. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबेना तेव्हा जे औषध आईचा जीव वाचवतं तेच मिळेनासं होण्याची वेळ आली होती. डिसेंबर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. अर्धवट माहितीची भीती किती जणींच्या जिवावर बेतू शकते ते बघ.

आणि दुधीत खरोखर भ्यायचं असेल तर कडवटपणाला भी. दुधी चिरल्यावर एक फोड जिभेला लावून बघ. कडू लागली तर अख्खा दुधी टाकून दे, त्याचा रस तर चुकूनही पिऊ नकोस. त्या कडवटपणामागे कुकुर्बिटासिन असतं, त्याने रक्ताच्या उलट्या होतात, माणसं दगावलीही आहेत. आणि तू? “औषधच आहे” म्हणून सकाळी नाक दाबून कडू रस घशाखाली घालणाऱ्यांतली तू. काल तुझ्या पिशवीत पावशेर कारली मी पाहिली. कारल्याची भाजी कर, खुशाल खा. पण कारल्याने थायरॉईड सुधारतं असं तुला कोणी सांगितलं असेल तर त्याचं ऐकू नकोस.

आता गोळी. खुर्ची पुढे ओढ.

थायरॉईड ग्रंथी गळ्यात पुढच्या बाजूला, स्वरयंत्राच्या खाली असते. वजन जेमतेम वीसेक ग्रॅम. रक्तातलं आयोडीन ओढून घेऊन ती थायरॉक्सिन बनवते. हे थायरॉक्सिन अंगभर जातं, पेशींच्या आत त्याचं जास्त जोरकस रूप होतं, ते केंद्रकात शिरतं आणि कोणती प्रथिनं किती बनवायची ते ठरवतं. हृदय किती वेगाने चालावं, आतडी किती हलावीत, अंगात ऊब किती राहावी, पाळी वेळेवर यावी की नाही, सगळ्यात त्याचा हात असतो. हे सगळं किती थोडक्या मालावर चालतं? निरोगी माणसाची ग्रंथी दिवसाला साधारण ८० ते १०० मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन बनवते. एक ग्रॅम थायरॉक्सिन एका माणसाला पंचवीस-तीस वर्षं पुरेल. इतक्याशा वस्तूला तू “काय ती एवढीशी गोळी” म्हणालीस.

ग्रंथी किती बनवते यावर लक्ष ठेवायला मेंदूच्या तळाशी पीयूषिका बसली आहे. ती टीएसएच नावाचं संप्रेरक सोडते. थायरॉईडला मारलेली ती हाक आहे असं समज. पोर ऐकत नसलं की आईचा आवाज चढतो, तसं रक्तात थायरॉक्सिन कमी झालं की टीएसएच चढतं. थायरॉक्सिन पुरेसं झालं की ते आपोआप खाली येतं. थायरॉक्सिन थोडंसं घसरलं तरी टीएसएच कितीतरी पटीने वर जातं, म्हणूनच डॉक्टर आधी तो आकडा बघतात. यालाच आपण वर्गात ऋण प्रत्याभरण म्हटलं होतं. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न, आणि तू त्याचं उत्तर लिहिलं होतंस.

मग आता मला उत्तर दे. गोळी चालू असताना तुझा टीएसएच नॉर्मल आला, तो कशामुळे? तुझी ग्रंथी एकाएकी बरी झाली म्हणून? तो आकडा गोळीने आणला होता. पीयूषिकेला रक्तात पुरेसं थायरॉक्सिन दिसत होतं, ते तुझ्या गळ्यातून आलं की डबीतून, याच्याशी तिला देणंघेणं नाही. नॉर्मल रिपोर्टचा अर्थ एवढाच होता की डॉक्टरांनी दिलेला डोस बरोबर बसला आहे. आणि तू काय केलंस? डोस बरोबर आहे असं कळताच डोसच बंद केलास.

“पण बाई, बंद केल्यावर काहीच झालं नाही, उलट बरं वाटलं,” असं तू म्हणशील. ठाऊक आहे मला, सगळ्याजणी तेच म्हणतात. थायरॉक्सिन रक्तातल्या प्रथिनांना चिकटून राहतं, पटकन संपत नाही. ते निम्मं व्हायला साधारण सात दिवस लागतात, उरलेल्याचं निम्मं व्हायला आणखी सात. म्हणजे पहिले पंधरा दिवस तू जुन्या शिलकीवर काढलेस आणि त्यालाच बरं होणं समजलीस. अॅड्रेनलिन काही मिनिटांत ओसरतं. कुत्रं अंगावर आलं तर छाती धडधडते आणि थोड्या वेळाने थांबते, ते तुला कळतं. थायरॉक्सिनची गोष्ट तशी नाही. ते गुपचूप उतरत जातं आणि माणूस त्या उतरण्याला सरावतो. दिवाळी होऊन आता होळी आली. काल मार्केटात सगळे घामाने निथळत होते आणि तू शाल लपेटून उभी होतीस. चेहरा सुजल्यासारखा, आवाज बसल्यासारखा. केस गळतात असं तूच म्हणालीस. “वय झालं आता, बाई,” म्हणालीस. पस्तिशीत वय झालं? माझ्यासमोर असलं बोलू नकोस.

आणि केस गळतात म्हणून तू काय सुरू केलंस? मेडिकलमधून केसांच्या गोळ्या. त्यांत बहुतेक वेळा बायोटिन भरपूर असतं, आणि काही लॅबच्या तपासणी पद्धतींत बायोटिनमुळे टीएसएचचा आकडा खोटा, कमी दिसतो. पुढच्या वेळी रक्त देण्याआधी त्या गोळ्या किमान दोन दिवस बंद ठेव आणि घेत होतीस हे डॉक्टरांना आणि लॅबवाल्यालाही सांग. नाहीतर पुन्हा एक गोड रिपोर्ट हातात घेऊन तू नाचत येशील.

तुला वाटतं ही गोळी म्हणजे आजकालचं खूळ. हिचा इतिहास ऐक. १८९१ साली इंग्लंडात न्यूकॅसलला जॉर्ज मरे नावाचा तरुण डॉक्टर होता. त्याच्याकडे ४६ वर्षांची एक बाई यायची. थायरॉईड पार निकामी झालेली, सुजलेली, सुस्तावलेली, बोलणं जड झालेलं. अशा रोग्यांचं तेव्हा काहीच करता येत नसे. मरेने मेंढीच्या थायरॉईड ग्रंथीचा अर्क काढून तिला टोचला. बाई सुधारली. पुढे तो अर्क तोंडावाटे घेतला तरी चालतो असं कळलं आणि ती तो पीत राहिली. ती १९१९ साली, ७४ व्या वर्षी वारली. त्या अठ्ठावीस वर्षांत तिच्यासाठी ८७० हून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी वापरल्या गेल्या. दरम्यान १९१४ साली एडवर्ड केंडॉल यांनी शुद्ध थायरॉक्सिन वेगळं काढलं आणि १९२७ साली ते प्रयोगशाळेत बनवताही आलं. त्या बाईला ज्यासाठी मेंढ्यांचे कळप लागले, ते तुला एका गोळीत, थोड्याशा पैशांत, गल्लीतल्या दुकानात मिळतं. ऑक्सिटोसिनसारखं ते पोटात पचून वायाही जात नाही, कारण तो लहान रेणू आहे, आतड्यातून रक्तात शिरतो. दुधीतल्या ज्या संप्रेरकाला तू भितेस ते पोटात मोडून पडतं. पोटातून जाऊन खरोखर काम करणारं जे आहे, तेच तू टाकून दिलंस.

आणि ते रोज लागतं, कारण तुझ्यासारख्या बहुतेकींच्या थायरॉईडवर त्यांच्याच शरीराची प्रतिकारशक्ती उलटलेली असते. १९१२ साली हाकारू हाशिमोतो या जपानी डॉक्टरांनी अशा ग्रंथींचं वर्णन केलं. पेशी हळूहळू नष्ट होतात आणि तिथे नवी ग्रंथी उगवत नाही. काहींची गोळी थांबते, हे खरं आहे. बाळंतपणानंतर काहींचं थायरॉईड तात्पुरतं बिघडतं आणि सावरतं. पण ते ठरवायचं डॉक्टरांनी, डोस कमी करत, दर वेळी रक्त तपासत. तुझ्या घरात ते कोणी ठरवलं? जावेने. तिच्या कोणा मैत्रिणीचं ऐकून.

या सगळ्याहून मोठी गोष्ट आता सांगते. वाचताना हात कापला तरी चालेल, पण वगळू नकोस.

तुला दुसरं बाळ हवं आहे. गर्भाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी साधारण बारा आठवड्यांनंतर संप्रेरक बनवू लागते, आणि पुरेसं बनवायला त्यापुढेही बराच काळ जातो. तोवर त्याच्या मेंदूची घडण आईच्या थायरॉक्सिनवर चालते. म्हणून निसर्गाने सोय केली आहे. गर्भ राहिला की एचसीजी नावाचं संप्रेरक रक्तात येतं, घरी पट्टीवर तपासतेस तेच. त्याची घडण टीएसएचशी जुळती असल्यामुळे ते आईच्या थायरॉईडलाही जास्त काम करायला लावतं. निरोगी ग्रंथी ते ऐकते आणि उत्पादन वाढवते. तुझी ग्रंथी कुठून वाढवणार? गोळी चालू असलेल्यांनाही गरोदरपणात डोस पाव ते निम्म्याने वाढवावा लागतो. तू तर शून्यावर बसली आहेस. गर्भपात, वेळेआधी बाळंतपण, रक्तदाब, या सगळ्यांचा धोका वाढतो. १९९९ साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गरोदरपणात थायरॉईड कमी असून उपचार न झालेल्या आयांची मुलं सात ते नऊ वर्षांची झाल्यावर त्यांचा बुद्ध्यांक इतर मुलांपेक्षा सरासरी सात गुणांनी कमी भरला. ज्या बाळासाठी “अंगातलं हार्मोन निघून जाऊ दे” म्हणालीस, त्याच्या तोंडचं तू आधीच काढून घेत होतीस. कळत नव्हतं, हे मला ठाऊक आहे. आता कळलं ना?

मिठाचंही बोलायलाच हवं. गुलाबी सैंधवाचा पुडा पिशवीतून काढून तू मला दाखवलास. “आम्ही साधं मीठ बंदच केलं, केमिकल असतं त्यात.” त्या “केमिकल”चं नाव आयोडीन. मोठ्या माणसाला ते दिवसाला १५० मायक्रोग्रॅम लागतं, गरोदर बाईला २५०. सैंधवात ते मुद्दाम घातल्याशिवाय पुरेसं नसतं. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात गावंच्या गावं गलगंडाने भरलेली होती. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून तिथे आयोडीन घातलेलं मीठ देऊन पाहिलं, गलगंड झपाट्याने कमी झाला, आणि १९६२ साली सरकारने देशभराचा कार्यक्रम हाती घेतला. देशातलं बहुतेक मीठ आपल्या गुजरातेत पिकतं, आणि गुजरातेत राहणारी तू आयोडीनवालं मीठ घराबाहेर काढतेस, गर्भारपणाच्या तोंडावर! घरात तुझी शाळकरी मुलगी आहे, तिचं काय? आयोडीनच्या मिठाने तुझी हाशिमोतोची ग्रंथी बरी होणार नाही, ते गोळीच्या जागीही येत नाही, आणि समुद्री शेवाळाच्या गोळ्या गिळून जास्तीचं आयोडीन घेतलंस तर उलटा त्रास होईल. पण रोजच्या स्वयंपाकात साधं आयोडीनयुक्त मीठच हवं. उपासाला सैंधव वापर, माझी हरकत नाही.

एक जुनी गोष्टही आज काढते. गौरी बसायच्या आधी दर वर्षी तू मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणतेस, चिठ्ठीशिवाय. त्या कसल्या असतात ठाऊक आहे? नॉरएथिस्टेरॉन, सरळ सरळ संप्रेरक. प्रोजेस्टेरॉनसारखं काम करून ते गर्भाशयाचं अस्तर धरून ठेवतं. ज्यांना पायात, फुप्फुसात रक्ताची गाठ होण्याची शक्यता असते, अर्धशिशी असते, त्यांना त्या गोळ्या धोक्याच्या ठरू शकतात. आणि गर्भ राहिला असण्याची शंका असेल तर त्या घ्यायच्याच नसतात. तेव्हा तुला हार्मोनची भीती वाटली नाही? देवाच्या नावावर बिनचिठ्ठीचं हार्मोन चालतं, भाजीवालीच्या दुधीत संशयाचंही चालत नाही, आणि डॉक्टरांनी तपासून दिलेलं नको असतं. हे कुठलं शास्त्र? पाळी आली म्हणून गौरी तुझ्या घरून उठून जात नाहीत. हे मी तुझ्या सासूबाईंनाही सांगायला तयार आहे, मला कोणाची भीड नाही.

आणि काल मार्केटात तू उभी होतीस ती इमारत कोणाची आहे? महापालिकेचं कार्यालय आणि मागे भाजीबाजार, इतकंच तुला दिसतं. सयाजीराव महाराजांनी ती १९०६ साली उभी केली, राज्यकारभाराची पंचवीस वर्षं पुरी झाली म्हणून, आणि खंडेराव महाराजांचं नाव तिला दिलं. त्याच १९०६ साली त्यांनी प्राथमिक शिक्षण बडोदे संस्थानभर सक्तीचं केलं, मुलींसकट. आधी १८९३ मध्ये अमरेलीत करून पाहिलं होतं, मग सगळीकडे लागू केलं. मुलगी शाळेत पाठवली नाही तर बापाला दंड होत असे. तुझ्या पणजीच्या पिढीतल्या बायका लिहू-वाचू शकल्या त्या अशा सक्तीमुळे. तू तर विज्ञान शिकलीस, पदवी घेतलीस, बँकेत हिशेब तपासतेस. आकडा कशामुळे आला हे विचारणं हेच तुझं रोजचं काम, आणि स्वतःच्या रक्ताच्या आकड्याला तेवढा प्रश्न विचारला नाहीस. अडाणी बाईने ही चूक केली असती तर मी जवळ बसवून समजावलं असतं. तुला समजावणार नाही, तुला जाब विचारणार.

मला राग आला कारण तू मला प्रिय आहेस. वर्गात शेवटच्या बाकावरून उठून “बाई, पण का?” विचारणारी तू. ती मुलगी कुठे गेली? फोनवर आलेला निरोप खरा मानायला लागलीस, आणि स्वतःला “का” विचारायचं विसरलीस.

आता काय करायचं ते लिहून ठेव. उद्या सकाळी रक्त दे, टीएसएच आणि फ्री टी-फोर दोन्ही. केसांच्या गोळ्या आज घेतल्या असशील तर परवा दे. रिपोर्ट घेऊन तुझ्या डॉक्टरांकडे जा, तिथे जमत नसेल तर सयाजी हॉस्पिटलात जा, आणि दिवाळीपासून गोळी बंद आहे हे आधी सांग. लाजून लपवू नकोस. “चालू आहे” असं खोटं बोललीस तर ते चढलेला आकडा बघून भलताच मोठा डोस लिहून देतील आणि मग छाती धडधडायला लागेल. बाळाचा विचार आहे हेही सांग. टीएसएच त्यांना हवा तिथे येईपर्यंत थांब. गर्भ राहिल्याचं कळलं त्याच दिवशी फोन कर, पुढच्या तपासणीची वाट बघू नकोस.

गोळी उठल्याउठल्या, उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा त्यानंतर निदान अर्ध्या तासाने, एक तासाने घेतलास तर आणखी चांगलं. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या गरोदरपणात लागतीलच, त्या या गोळीपासून चार तास लांब, नाहीतर त्या पोटातच तिला धरून ठेवतात. गोळ्यांची डबी ओट्यावर गॅसशेजारी ठेवायची नाही. आपल्याकडचा उन्हाळा तोंडावर आहे, आणि ऊन, उष्णता आणि ओल या गोळीला मानवत नाहीत. थंड, कोरड्या कपाटात ठेव. डोस बदलला तर सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त, त्याआधी नको, आकडा स्थिरावायला तेवढा वेळ लागतोच. एखाद्या दिवशी विसरलीस तर आठवल्यावर घे, घाबरू नकोस. आणि आकडा नॉर्मल आला की मला फोन कर, पण गोळी हातात घेऊनच कर.